चुलीचं वय

यादी सोमवारी सकाळी शाळेच्या ओसरीत लागली, तेव्हा रत्नप्रभा झोरे अंगणात पायानं माती मळत होती. चिकणमातीत घोड्याची लीद आणि गव्हाचा भुसा घालून ती चुली बनवायची आणि बाजारात विकायची. पंचवीस वर्षांचा तिचा हा धंदा. २०४१ सालातही तिला गिऱ्हाईक होतं. हमरस्त्यावरचे हॉटेलवाले 'चुलीवरचं जेवण' अशा पाट्या लावायचे आणि चूल रत्नाकडून न्यायचे.

पाय न धुताच ती शाळेकडे गेली. ओसरीत वस्तीतली तीस-चाळीस माणसं आधीच उभी होती. यादीत चार रकाने होते. कुटुंबप्रमुखाचं नाव, घर क्रमांक, चुलीचं वय आणि पात्रता. रत्नानं आपली ओळ शोधली.

झोरे रत्नप्रभा मारुती. घर क्रमांक १७. चुलीचे वय शून्य वर्षे. अपात्र.

तिनं ती दोनदा वाचली. तासाभरापूर्वीच तिनं त्याच चुलीवर पाच भाकऱ्या भाजल्या होत्या.

"माझं किती लिवलंय गं?" गणूनानांनी विचारलं. शहाऐंशी वर्षांचे नाना वस्तीतले सगळ्यात वयस्कर. त्यांना आता अक्षर दिसत नव्हतं.

"शून्य."

"आनि हिंदुरावचं?"

"त्येचंबी शून्य."

"मग पात्र कोन हाय?"

रत्ना नावं वाचू लागली. सत्तेचाळीस घरांपैकी नऊ पात्र होती. पहिलं नाव इचलकरंजीला गेलेल्या सोनबाचं. दुसरं सुरतेला मुलाकडे असलेल्या आक्काताईचं. तिसरा तर वारला होता आणि त्याची मुलं कुठं असतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. अशी आठ नावं झाली. नववं नाव तिच्या दिराचं होतं. झोरे संपत रामा, घर क्रमांक १८, चुलीचे वय चौतीस वर्षे, पात्र. घर क्रमांक १८ म्हणजे रत्नाच्या शेजारच्या, छप्पर उडालेल्या चार भिंती. तिथं ती शेळ्या बांधायची.

नाना म्हणाले, "ही तर समदी गेलेली मानसं. ऱ्हायलेला एक बी न्हाई ह्यात."

यादीच्या खाली लिहिलं होतं की अपात्र कुटुंबांनी नऊ दिवसांत, म्हणजे पुढच्या बुधवारच्या आत, गायरानावरचं अतिक्रमण स्वतःहून काढून घ्यावं.

या माणसांना अतिक्रमण करणारी म्हणायचं तर आधी त्यांना इथं आणलं कुणी, ते सांगायला हवं. १९६२ च्या उन्हाळ्यात घाटाखालचं तळखोरे गाव धरणात गेलं. सरकारी ट्रकांनी झोरे, शेळके, येडगे अशी धनगरांची घरं या माळावर आणून उतरवली आणि साहेब म्हणाले, सध्या इथं राहा, जमिनीचे पट्टे मागून मिळतील. नाना तेव्हा सात वर्षांचे होते. पट्टे काही आले नाहीत. सातबाऱ्यावर हा माळ गायरानच राहिला आणि वस्तीच्या जागी शेरा राहिला 'पडीक, निर्जन'. कागद नाही म्हणून विजेचं मीटर नाही, आणि कागद नाही म्हणून गॅसही नाही. त्यामुळं वस्तीत प्रत्येक घरात चूल पेटत होती, रोज दोन वेळा, एकोणऐंशी वर्षं.

आता या माळावर सौरऊर्जा साठवणाऱ्या प्रचंड बॅटऱ्यांचं कोठार यायचं होतं. दिवसाची वीज साठवून रात्री तीन जिल्ह्यांना पुरवणारं. तेवढ्या कामाला एवढा सपाट, दगडी माळ दुसरा नव्हता.

सहा वर्षांपूर्वी अशी वेळ आली असती तर आठ दिवसांत बुलडोझर फिरला असता. पण मधल्या काळात राज्यभर आंदोलनं झाली होती आणि ताबा संरक्षण कायदा आला होता. संपादनाच्या आधी तीस वर्षं ज्याची वस्ती त्या जमिनीवर आहे, त्याला कागद असो वा नसो, जमीनधारक मानायचं. त्याच्या नावानं नोटीस काढायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, त्याची संमती विचारायची, आणि पाण्यासकट दुसरं घर तयार होईपर्यंत त्याला हलवायचं नाही. कायदा चांगला होता. प्रश्न पुराव्याचा होता. तोंडी साक्षींवर पहिल्या दोन वर्षांत इतके खोटे दावे उभे राहिले, की शासनानं साक्षीच बंद केल्या आणि यंत्र आणलं. त्याचं सरकारी नाव होतं ताप-कालमापक. लोक त्याला चुलीचं घड्याळ म्हणत.

महिन्यापूर्वी कंत्राटदार कंपनीची गाडी येऊन प्रत्येक चुलीच्या तोंडाशी मातीचा एक टवका काढून काळ्या नळीत भरून घेऊन गेली होती. एका घराला दहा मिनिटं. बंद पडलेल्या घरांतल्या चुलींचेही टवके नेले. रत्नाला तेव्हा बरंच वाटलं होतं. वस्तीतल्या निम्म्या चुली तिच्या हातच्या, आणि त्याआधीच्या तिच्या सासूच्या हातच्या. माती खोटं कशाला बोलेल, असं ती त्या वेळी शेजारणीला म्हणाली होती.

यादी बघून ती तशीच वाळेगावच्या ग्रामपंचायतीत गेली. तिथं कंपनीनं दोन खोल्यांत प्रयोगशाळा मांडली होती. दीपाली वाघचौरे नावाची चाळिशीची बाई यंत्रापुढं बसली होती. खोलीत लाल दिवा तेवढा चालू.

"मॅडम, घर क्रमांक सतरा. आज सकाळी त्याच चुलीवर भाकरी केली मी. वय शून्य कसं?"

"ताई, आक्षेप पोर्टलवर नोंदवा. मी फक्त आकडे काढते."

"आक्षेप मागनं. आधी एवढं सांगा, तुमचं यंत्र मोजतं काय?"

दीपालीनं वर बघितलं. हा प्रश्न तिला चार तालुक्यांत कुणी विचारला नव्हता. लोक रडायचे, शिव्या द्यायचे, नाहीतर पाया पडायचे.

"बसा," ती म्हणाली.

तिनं सांगितलं ते असं. मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. जमिनीतून आणि आकाशातून अगदी थोडा, कुणाला इजा न करणारा किरणोत्सर्ग त्यांच्यावर सतत पडत असतो. त्या माऱ्यानं कणातले काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातल्या बारीक खड्ड्यांत अडकून बसतात. वर्षं जातील तसे खड्डे भरत जातात, माळावरच्या टाकीत थेंब थेंब पाणी साठावं तसे. पण कण चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापला की अडकलेले सगळे एकदम सुटतात आणि सुटताना मंद उजेड देतात. यंत्र तोच उजेड मोजतं. उजेड जितका जास्त, तितकी वर्षं जास्त. ऊन लागलं तरी वरवरच्या कणांतले खड्डे रिकामे होतात, म्हणून टवक्याची वरची साल खरवडून आतलीच माती मोजायची, आणि म्हणून नळी काळी, दिवा लाल.

"आणि सुटल्यावर?" रत्नानं विचारलं.

"सुटल्यावर खड्डे रिकामे. पुन्हा पहिल्यापासून भरायला लागतात."

रत्नाच्या डोळ्यांपुढं आपलीच चूल होती. आतली बाजू लालभडक भाजलेली.

"म्हंजे चूल पहिल्यांदा कधी पेटली, ते हे यंत्र सांगतच न्हाई. शेवटची कधी इझली, ते सांगतं."

दीपालीनं पुढ्यातली यादी उलटी ठेवली.

"मी आज पेटवली म्हणून शून्य. भाऊजी चौतीस वर्सांमागं पिंपरीला गेले म्हणून चौतीस. जो गेला तो पात्र आनि जो ऱ्हायला तो अपात्र." रत्नाचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "मॅडम, मी चुली मोडल्यात. जुनी फुटली की ती सपाट करून तिच्यावरच नवी घालायची, ही आमची रीत. माती चार बोटंच लाल भाजती. त्याच्या खाली आग पोचत न्हाई. तिथं जुनी चूल हाय, तिच्या खाली त्याहून जुनी. तिथला टवका का न्हाई घेतला?"

"खोल नमुन्याला एका घराला अर्धा दिवस लागतो," दीपाली हळूच म्हणाली. "जमीन फोडावी लागते. कंपनीला सहाशे घरं तीन आठवड्यांत संपवायची होती."

"म्हंजे घ्यायचा असतो."

दीपालीनं दाराकडं बघितलं. काळ्या पडद्यामागं दार उघडंच होतं. "नियमांचं परिशिष्ट तीन. मराठी प्रत मागा तहसीलमध्ये. ती द्यावीच लागते त्यांना, कायद्यात आहे. मी सांगितलं म्हणू नका."

"कुनाला न्हाई सांगत."

तहसील कचेरीतला कारकून म्हणाला, नियम संकेतस्थळावर आहेत. रत्ना म्हणाली, ते इंग्रजीत आहेत. कारकून म्हणाला, मराठी प्रत अजून आली नाही. रत्ना म्हणाली, मग येईपर्यंत मी बसते. ती खिडकीखालच्या बाकावर बसली. कचेरी बंद झाल्यावर घरी गेली आणि मंगळवारी उघडायच्या आधी हजर झाली. त्या दिवशी तिच्याबरोबर अकरा बाया होत्या, भाकरी बांधून आलेल्या. बुधवारी सव्वीस. खिडकीपुढं दाखल्यासाठी येणाऱ्या लोकांना उभं राहायला जागा उरली नाही. बुधवारी दुपारी प्रत सापडली. एक्केचाळीस पानं.

रत्ना दहावीपर्यंत शिकलेली. तिथंच बाकावर बसून तिनं परिशिष्ट तीन मोठ्यानं वाचलं. "वस्ती चालू असलेल्या घरात चुलीच्या पृष्ठभागावरून नमुना घेऊ नये. चुलीच्या तळाखाली दोन हात खोलीपर्यंत थरवार नमुने घ्यावेत. कुटुंबाने मागणी केल्यास फेरनमुना कुटुंबासमक्ष व जागेवर घ्यावा. फेरनमुन्याचा निर्णय होईपर्यंत कोणत्याही कुटुंबास हलवता येणार नाही."

बाया ऐकत होत्या. एकीनं विचारलं, "हे आधीपासनं लिवलेलं हुतं?"

"व्हय. आधीपासनं."

अडतीस घरांचे अडतीस अर्ज त्याच दिवशी दाखल झाले. पुनर्वसन अधिकारी हणबर साहेबांनी ते वाचले. माणूस वाईट नव्हता. पण बुधवारसाठी यंत्रसामग्री सांगून ठेवली होती आणि वरून रोज फोन येत होता. जागेवर सुनावणी टाळता येत नाही म्हणून त्यांनी ती पुढच्या सोमवारी ठेवली. कंपनीच्या वकिलानं लेखी उत्तर दिलं की पृष्ठभाग आणि खोली यांत शास्त्रीय फरक नगण्य आहे, यंत्रानं जुनी चूल आणि नवी चूल बरोबर ओळखली आहे, तेव्हा सबंध वस्ती उकरायची गरज नाही.

रविवारी दुपारी संपत आला. छप्पन्न वर्षांचा माणूस, पण चालताना सत्तरीचा वाटे. हातातल्या पिशवीत पात्रतेचं पत्र होतं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं. आपल्या जुन्या घराच्या चार भिंतींत उभं राहून त्यानं सगळीकडे बघितलं. कोपऱ्यात चूल तशीच होती, एक काठ ढासळलेला. १८ क्रमांकाची ती चूल रत्नानंच घातली होती, संपतचं लग्न होऊन त्यानं वेगळी चूल मांडली तेव्हा. रत्ना स्वतः त्या वेळी वीस वर्षांची नव्हती. सासूच्या देखरेखीखाली घातलेली तिची ती दुसरीच चूल. वर्षभर पेटली आणि बंद झाली.

रत्नानं पाणी दिलं, चहा दिला.

"वहिनी, तुमचं कानावर आलंय," तो म्हणाला. "माझं ऐका. मला प्लॉट मिळतोय. दोन खोल्या तुमच्या. कागदावर लिहून देतो."

"आनि बाकीची सदतीस घरं?"

"सगळ्यांचं मी कसं बघू?"

"तुम्ही बघू नका. त्यांचं त्ये बघतील. भाऊजी, उद्या सुनावणीत एकच गोष्ट दाखवायची हाय. ज्या चुलीचं वय चौतीस, ती पेटवायची आनि परत मोजायची. चौतीसचं शून्य झालं, की यंत्र काय मोजतं ते साहेबाला डोळ्यानं दिसंल. पेटलेली चूल इथं कुनाची न्हाई चालत. बंद चूल लागती. यादीतले बाकीचे आठ जन आलेले न्हाईत. तुम्ही आलाय."

संपतला कळायला थोडा वेळ लागला. मग तो कप खाली ठेवून उठला.

"म्हणजे माझा हक्क चुलीत घाला म्हणता."

"तसंच म्हनते."

"तुम्हाला ठाऊक आहे मी कसा राहतो? पिंपरीतली माझी कंपनी बंद पडली त्याला नऊ वर्षं झाली. ही गेली. जावयाच्या घरात हॉलमध्ये झोपतो मी. सकाळी चहा मागायला जीभ उचलत नाही. आयुष्यात पहिल्यांदा सरकारनं माझ्या नावानं कागद काढला, आणि तुम्ही म्हणता तो जाळा."

रत्नाला त्याची दया आली. खोटं नव्हतं त्याचं. तरी ती म्हणाली, "कागद तुमच्या नावाचा हाय, पन त्यात लिवलंय काय ते वाचा. मी न्हाई सांगत की जाळाच. चूल तुमची. तुमच्याशिवाय तिला कोन हात लावनार न्हाई."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी दुसरं काय तरी करीन. पन उठनार न्हाई. तुमच्या दोन खोल्यांत बी येनार न्हाई."

संपत रागानं निघून गेला आणि रात्री शाळेच्या ओसरीत झोपला.

सोमवारी सकाळी दहाला लिंबाखाली टेबल मांडलं. हणबर साहेब, कंपनीचा वकील, एक लघुलेखक, आणि यंत्राची गाडी घेऊन दीपाली. वस्ती जमिनीवर बसली. माळाच्या कडेला दोन पिवळी यंत्रं येऊन उभी होती, बुधवारची वाट बघत.

वकील वीस मिनिटं बोलला. मराठी अवघड वापरत होता. अखेर म्हणाला, "एकाच माळावर, एकाच मातीत, यंत्र एका चुलीला चौतीस वर्षं म्हणतं आणि शेजारच्या चुलीला शून्य. याचा अर्थ यंत्र अचूक फरक करतं. अर्जदारांचा आक्षेप भावनिक आहे."

"झोरे बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?" हणबरांनी विचारलं.

रत्ना उभी राहिली. "साहेब, मला बोलायचं न्हाई. दाखवायचंय. अठरा नंबरची चूल आता मोजा. मग तासभर पेटवा. निवली की परत मोजा. वकीलसाहेब म्हनतात तसं यंत्र चुलीचं वय मोजत आसंल, तर वय तासाभरात बदलनार न्हाई."

वकील उठला. "याला हरकत आहे. तो एका पात्र कुटुंबाचा पुरावा आहे. नष्ट होईल."

"पेटवल्यानं नष्ट कसा व्हईल?" रत्ना म्हणाली. "फरक नगण्य हाय म्हनून तुम्हीच लिवून दिलंय."

लोकांत खसखस पिकली. हणबर हसले नाहीत, पण त्यांनी वकिलाचं उत्तर पुन्हा उलगडून वाचलं. मग म्हणाले, "तरीही ती चूल संपत झोरे यांची आहे. त्यांच्या संमतीशिवाय मी हात लावू देणार नाही."

सगळ्या माना मागं वळल्या. संपत शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. तो इतका वेळ उठला नाही, की रत्नाला वाटलं, झालं. तिनं मनातल्या मनात पुढची तयारी सुरू केली. बुधवारी सगळ्या बायांना पिवळ्या यंत्रांपुढं बसवायचं, शेळ्यांसकट.

"साहेब," संपत बसूनच म्हणाला, "पेटवली, तर माझं शून्य होईल ना?"

"यंत्र जे दाखवेल ते नोंदवलं जाईल."

"मग मी अपात्र."

"तसं होऊ शकतं."

संपतनं पिशवीतून पत्र काढलं. प्लास्टिकच्या पाकिटातून ते बघितलं. "काल रात्रभर वाचत होतो हे," तो म्हणाला. बोलताना शहरी मराठी हळूहळू गळून गेली. "चुलीचं वय चौतीस वर्सं. मी हितनं गेलो, त्याचा दाखला हाय ह्यो. ऱ्हायल्याचा न्हाई. ऱ्हायली ती ही मानसं. चला, पेटवू."

आधीचं मोजमाप झालं. यंत्रानं चौतीस दाखवलं, लघुलेखकानं लिहून घेतलं. बाभळीची वाळकी लाकडं आली. संपत चुलीपुढं उकिडवा बसला. काडी दोनदा विझली. तिसऱ्यांदा जाळ धरला तेव्हा धुरानं त्याचे डोळे भरले, आणि तो हात पुढं करून म्हणाला, "वहिनी, फुंकणी."

रत्नानं फुंकणी दिली. दीपालीनं तापमापकाची तार चुलीच्या आतल्या अंगाला लावली. तीनशे, चारशे, पाचशे वीस. तासभर जाळ चालला. मग निखारे ओढून चूल निवू दिली आणि काळं कापड टाकून त्याच जागेलगत टवका काढला. सगळे गाडीभोवती गोळा झाले. अर्ध्या तासानं पडद्यावर आकडा आला.

शून्य.

हणबरांनी चष्मा काढून पुसला. "वाघचौरे मॅडम, हे कसं झालं?"

वकील मध्ये बोलू लागला. दीपालीनं त्याच्याकडं बघितलंच नाही. "साहेब, यंत्र शेवटच्या आगीपासूनची वर्षं मोजतं. नेहमीच. कंपनीनं रकान्याला 'चुलीचे वय' नाव दिलं, ते चूक आहे. चालू घरात वरचा नमुना शून्यच येणार. खोल नमुने घ्यावेत असं मी पहिल्या आठवड्यात लेखी कळवलं होतं. प्रत माझ्याकडे आहे. हे नोंदीत घ्या."

लघुलेखकानं साहेबांकडं बघितलं. साहेब म्हणाले, "घ्या."

मग रत्ना आपल्या घरात गेली. पहार तिनं स्वतः हातात घेतली. स्वतःची चूल स्वतः मोडायची वेळ दर आठ-नऊ वर्षांनी यायचीच, त्यात नवं काही नव्हतं. पण या वेळी घरात अधिकारी उभा होता आणि दाराबाहेर सगळी वस्ती. तिनं चूल फोडून बाजूला सारली. खिडकीवर आणि दारावर काळं कापड टाकून दीपालीनं पोलादी नळी जमिनीत ठोकली. नळी सव्वा हात गेली, दोन हात गेली. ती बाहेर काढून लाल दिव्याखाली उघडली तेव्हा मातीत पट्टे दिसले. लाल, काळा, राखेचा, मुरमाचा, पुन्हा लाल. हणबर गुडघ्यावर बसून ते बघत राहिले.

"मोजायच्या आधी लिवून घ्या," रत्ना म्हणाली. "वरनं दुसरा थर, पोरीच्या लग्नाआधी मोडलेली चूल. सहा वर्सं. त्येच्या खालची, आमचे हे वारले त्या साली, बारा वर्सं. त्येच्या खाली मुरूम, जमीन उचलली तवाचा. पुढचं सासूबाईंचं. मला दोन ठावं हाईत, बाकीचं नाना सांगतील."

गणूनाना दाराशी बसून सांगू लागले. कुठल्या साली कुणाच्या बाळंतपणात चूल फुटली, कुठल्या साली पाणी घरात शिरलं. साक्षी चालत नाहीत, असं वकील म्हणाला. हणबर म्हणाले, साक्ष नाही, फक्त लिहून ठेवतोय.

संध्याकाळपर्यंत यंत्रानं नऊ थर मोजले. पाच. तेरा. एकवीस. असं खाली खाली. नानांचे आकडे आणि यंत्राचे आकडे बाजूबाजूला लिहिले होते आणि कुठंही दोन-तीन वर्षांपलीकडे अंतर पडलं नाही. सगळ्यात खालच्या थरात, मूळ माळाच्या मुरमाला टेकलेली, तीन दगडांमधली भाजलेली माती होती. यंत्रानं अठ्ठ्याहत्तर दाखवलं, चार वर्षं अधिक किंवा उणे.

"एकोनऐंशी," नाना म्हणाले. "ट्रकातनं उतरलो त्या दिवशी आईनं तीन धोंडे मांडले. पुढल्या आठवड्यात मातीची घातली. यंत्राला म्हनावं, नीट मोज."

त्या दिवशी हणबरांनी निष्कासनाचा आदेश मागं घेतला. पिवळी यंत्रं बुधवारी सकाळी आल्या वाटेनं परत गेली. खोल नमुन्यांना सात आठवडे लागले. दीपालीला कंपनीनं मधल्याच आठवड्यात काढून टाकलं. पुढचे नमुने तिनं जिल्हा कार्यालयाच्या नेमणुकीवर घेतले. अडतीसही घरं जमीनधारक ठरली. नऊ बंद घरं यादीतून निघाली, त्यांत संपतही होता. तो पिंपरीला परत गेला नाही. अठरा नंबरावर त्यानं पत्रे टाकले, शेळ्या बाहेर बांधल्या. हक्क म्हणून त्याला काही मिळणार नव्हतं, आणि त्यानं तसं विचारलंही नाही.

नव्या नोटिसा आल्या त्या प्रत्येकाच्या नावानं. पोस्टमननं रत्नाची सही घेतली. आत प्रकल्पाची माहिती, साठ किलोमीटरवरच्या नव्या जागेचा नकाशा, आणि एक पान संमतीचं. आहे किंवा नाही, यांतल्या एकावर खूण करायची.

चार दिवस वस्ती लिंबाखाली बसली. सहा जण जाऊन नवी जागा बघून आले. तिथं विहीर होती, पाणी नव्हतं. शाळेची पाटी होती, शाळा नव्हती. पाचव्या दिवशी रत्ना अडतीस पानं घेऊन हणबर साहेबांच्या कचेरीत गेली.

त्यांनी पानं एकामागून एक उलटली. शेवटचं पान झाल्यावर पुन्हा पहिलं बघितलं.

"सगळ्यांचं नाही?"

"सगळ्यांचं."

"झोरे बाई, एवढं भांडून तुम्ही पात्र झालात. आता घर मिळतंय, तर नाही म्हणता? मग भांडलात कशासाठी?"

"घरासाठी न्हाई भांडलो, साहेब. आम्हाला विचारावं म्हनून भांडलो. आता तुम्ही विचारलंत. न्हाई म्हनतोय आमी."

"प्रकल्प अडकेल. वरून मला विचारतील."

"मग वरच्यांना माळावर घेऊन या. वीज आम्हाला बी पायजे. आमच्याकडं तर ती अजून आलीच न्हाई. कोठार अर्ध्या माळात मावतं का, ते बसून बघू. न्हाई मावलं, तर जागा आमी दाखवू ती घ्यायची, आनि पानी आधी, मानसं मागनं. यातलं काय बी न करता उठवायचं म्हनला, तर उठनार न्हाई."

हणबरांनी पानांचा गठ्ठा हातात घेतला. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असा गठ्ठा पाहिला नव्हता. संमतीपत्रं त्यांच्या टेबलावर नेहमी भरून, अंगठे उमटवून यायची. त्यांनी शिपायाला खुर्ची आणायला सांगितली आणि कोरा कागद पुढं ओढला.

"बसा," ते म्हणाले. "काय काय पाहिजे ते सांगा."

रत्ना बसली. पदर नीट केला.

"लिवून घ्या," ती म्हणाली. "पहिलं, पानी."